कूलर काढायचाय, पण आत कबुतरीण बसली आहे

मागच्या अंकात झुरळांवर लिहिलं, तेव्हा शेवटी सहज म्हणून गेले की कबुतरांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. झालं, तेव्हापासून फोन वाजून राहिला. कोणी फोटो पाठवले, कोणी व्हिडिओ, एका काकूंनी तर बाल्कनीत घुमणाऱ्या कबुतराचा दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, "पहाटे पाच." सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले काही प्रश्न घेतलेत, भाषा ज्याची त्याचीच ठेवलीय, नावं तेवढी काढली.

प्रश्न : ताई, होळी तोंडावर आली, ऊन तापून राहिलं, म्हणून रविवारी मी अन् पोट्टं कूलरवरची ताडपत्री काढायले गेलो तर आतमधून एकदम फडफड, मी तं स्टुलावरून पडता पडता वाचलो. पाहतो तं मोटारीच्या खाली दोन पांढरी अंडी. बायको म्हणते फेका, आई म्हणते पाप लागते, पोट्टं म्हणते पाळू. तिघांच्या मधात मी. कूलर कधी सुरू करू ते सांगा. (मनीषनगर)

उत्तर : भाऊ, आधी कॅलेंडर काढा. अंडं घातल्यापासून १७ ते १९ दिवसांत पिल्लू बाहेर येतं, अन् त्याला उडून जायला पुढं अजून चार-पाच आठवडे लागतात. म्हणजे अंडी ताजी असतील तर दीड ते पावणेदोन महिने धरून चाला, कूलर एप्रिलमध्ये. अंडी फेकून जागा तशीच सोडली तर काहीच साधत नाही, थोड्याच दिवसांत तीच जोडी तिथंच परत दोन अंडी घालते, मग तुम्ही मे महिन्यात मला परत लिहाल.

माझं स्वतःचं सांगते. प्रतापनगरात आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहतो, चार वर्षांपूर्वी आमच्याही कूलरमध्ये हेच झालं होतं. घरटं म्हणजे काय तर झाडूच्या चार काड्या, आमच्याच ताटीतून उपसलेलं गवत आणि समोरच्या बांधकामावरचा बाइंडिंग वायरचा एक तुकडा. नर एकेक काडी आणून द्यायचा, मादी पोटाखाली सरकवायची, इंजिनियरिंग शून्य. पण ड्यूटी मात्र पक्की. सकाळी दहाच्या सुमारास नर यायचा, मादी उठून जायची, चार-साडेचारला ती परत आली की हा उडाला. आमचे हे घड्याळ लावून बघायचे. पिल्लं निघाली तेव्हा पिवळी पिवळी लव, चोच चेहऱ्यापेक्षा मोठी, दिसायला अगदीच वंगाळ, आणि आई-बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखं काहीतरी काढून भरवायचे. पक्ष्यांमध्ये बापानंही दूध पाजावं असं फार थोड्यांत आहे. एवढं बघितल्यावर मला काही फेकवलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही हॉलमध्ये फरशीवर झोपलो आणि ह्यांनी मला रोज ऐकवलं. आता तुमच्या घरी आईंचं ऐकायचं की वहिनींचं ते मी सांगणार नाही बाप्पा. नुसत्या काड्या दिसल्या असत्या तर रोज काढून फेका म्हणलं असतं, त्यात पाप-बिप काही नाही. पिल्लं निघाली असतील तर मात्र थांबायचंच, त्यात दुसरा विचार नको.

आता खरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पिल्लं घरट्यातच शी करतात आणि आई-बाप ती साफ करत नाहीत. दीड महिन्यात त्या चार काड्यांचं सिमेंटसारखं ताट होतं, वर पिसं, वर पावडर. आणि आपण काय करतो, पिल्लं गेली की काड्या उचलून फेकतो, वरवर झाडू मारतो, पाणी भरतो अन् बटण दाबतो. म्हणजे ती सगळी वाळलेली घाण पंख्यानं डायरेक्ट आपल्या तोंडावर. झोपेत. रात्रभर. नागपुरात कबुतरांचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो.

म्हणून आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही, प्लगच. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, जुने कपडे, लेकराबाळांना आत पाठवा. कोरडा झाडू अजिबात नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच नाही. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन सगळं भिजवा, अर्धा तास तसंच राहू द्या, मग पत्र्यानं किंवा जुन्या खुरपीनं खरवडून ओलंच पिशवीत भरा, तोंड बांधा, कचरागाडीत टाका. ताट्या कितीही चांगल्या दिसल्या तरी फेकून द्या, नवीन लावा. टाकी घासा, कुठं गंज आला ते बघा कारण ही शी पत्रा खाते. ब्लीचिंग वापरायचं तर एकटंच वापरा, त्यात संडास घासायचं ॲसिड मिसळलं तर विषारी गॅस तयार होतो, आणि "दोन्ही टाकलं की जास्त साफ होते" म्हणणारे लोक प्रत्येक घरात असतात. ऊन दाखवा. मग खिडकीत बसवण्याआधी अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटं कोरडा पंखा चालवा, काय उडायचं ते तिथंच उडू द्या.

आणि पुढच्या पावसाळ्यात कूलर बंद केला की घरात घ्या. जागा नसेल (कोणाकडं असते?) तर ताडपत्री सैल टाकू नका, सुतळीनं चारी बाजूंनी आवळून बांधा, सैल ताडपत्री म्हणजे कबुतराला छत घालून दिल्यासारखं आहे. कूलर अन् भिंतीच्या मधली फट, स्टँडच्या खालची मोकळी जागा, दोन्हीकडं चिकनजाळी ठोका. वरच्या सपाट भागावर पत्र्याचा तुकडा तिरपा लावा, चांगला उतार द्या, घसरलं की बसत नाही.

प्रश्न : ऑनलाइन एक अल्ट्रासोनिक मशीन दिसून राहिली, माणसाला आवाज येत नाही पण कबुतरं पळतात म्हणे. घेऊ का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नका घेऊ. तो आवाज कबुतरालाही येत नाही. कबुतराचे कान आपल्यापेक्षाही कमी उंचीच्या आवाजाला थांबतात, उलट खूप खालचे, जमिनीच्या थरथरीसारखे आवाज त्याला ऐकू येतात जे आपल्याला येत नाहीत. म्हणजे मशीन चालू आहे हे तुम्हाला कळत नाही अन् कबुतरालाही कळत नाही, फक्त मीटरला कळतं. प्लॅस्टिकचं घुबड, रबरी साप, चमकीच्या पट्ट्या, हे सगळं चार-आठ दिवस चालतं. कबुतर बघतं, हे हलत नाही, चावत नाही, मग शेजारी येऊन बसतं. मी आमच्या लग्नाच्या कॅसेटच्या केलेल्या सीडी टांगल्या होत्या, तिकडं कबुतरं येऊन आपला चेहरा बघत बसायची. डांबरगोळ्या उघड्या हवेत उडून जातात आणि त्याचा वास आपल्यालाच बाधतो. चिकट जेल तर लावूच नका, आपल्या उन्हात ते वितळून भिंतीवरून खाली येतं आणि त्यात चिमण्या, बुलबुल अडकून मरतात. विष घालायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, एवढंच सांगते.

प्रश्न : आमच्या सासूबाई रोज सकाळी गच्चीवर दोन किलोच्या डब्यातून ज्वारी अन् तांदूळ टाकतात. वीस वर्षांपासूनचा नेम आहे. आता खालचे भाडेकरू भांडायला येतात, वाळत घातलेल्या कुरड्या-पापडांवर घाण, टाकीचं झाकण भरलेलं. मी काही बोलली तर "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढते" म्हणतात. दोन दिवस जेवल्या नाहीत. काय करू? (महाल)

उत्तर : पहिलं म्हणजे तुम्ही बोलू नका. सूनबाई बोलली की विषय कबुतरांचा राहतच नाही. तुमच्या यजमानांना बोलू द्या, ते जमत नसेल तर नणंदेला फोन लावा.

आता सासूबाईंना काय सांगायचं ते. त्यांचा भाव खोटा नाही, दारात आलेल्याला घास द्यायचा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण दाणे टाकले नाही तर कबुतर उपाशी मरेल ही भीती खरी नाही. तुमच्यापासून इतवारीचा धान्यबाजार किती दूर आहे? शहरात त्याला सांडलेलं, फेकलेलं भरपूर मिळतं. आयते दाणे मिळाले की पोट भरायला वेळ लागत नाही, आणि उरलेला सगळा वेळ अंडी घालण्यात जातो. वर्षभर. जोडी वर्षाला पाच-सहा वेळासुद्धा घालते, आधीची पिल्लं उडाली नाहीत तोवर पुढची अंडी तयार. म्हणजे आपण जी ज्वारी टाकतो ती आजच्या कबुतराची भूक भागवत नाही, पुढच्या महिन्याची कबुतरं तयार करते, आणि मग ती दाटीत राहतात, आजारी पडतात, सज्ज्यावरून पिल्लं खाली पडतात. दया कशात आहे हे त्यांनाच ठरवू द्या.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल नावाचं शहर आहे, तिथं वर्षानुवर्षं कबुतरं मारून बघितली, संख्या तेवढीच. मग १९८८ पासून त्यांनी लोकांना समजावून दाणे टाकणं कमी करायला लावलं आणि साधारण चार वर्षांत कबुतरं अर्ध्यावर आली. आपल्याकडं मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करायचं ठरलं, दादरचा ताडपत्रीनं झाकला, तर केवढा गोंधळ झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, प्रकरण हायकोर्टात. जोरजबरदस्तीनं असा गोंधळ होतो, मग तो शहराचा असो की तुमच्या स्वयंपाकघरातला.

म्हणून एकदम बंद नको. दोन किलोचा डबा आहे ना, त्यातून आठवड्या-आठवड्याला मूठ कमी करा, अर्ध्यावर आणा, मग पावावर, तोपर्यंत कबुतरंही दुसरीकडं बघायला लागतात. नेम मोडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याच वेळेला त्यांच्या हातात दुसरं काम द्या. उन्हाळा आलाच आहे, मातीच्या पसरट भांड्यात सावलीत पाणी ठेवू द्या, रोज बदलायचं, उथळ ठेवायचं. चिमण्यांसाठी बारीक भोकांचा टांगता डबा मिळतो, त्यात कणकी घाला, त्यावर कबुतराला बसताच येत नाही. आणि राहिलेली ज्वारी महिन्याला एकदा गोशाळेत नेऊन द्या, सासूबाईंना सोबत घेऊन जा, रिक्षानं, येताना रसवंतीत थांबा. टाकीचं झाकण मात्र आजच बदला, त्याला थांबू नका, आणि टाकी एकदा रिकामी करून घासून घ्या.

प्रश्न : माझ्या आईला ६८ वर्षं, चार-पाच महिन्यांपासून कोरडा खोकला, जिना चढली की धाप. शेजारचे म्हणतात कबुतरांमुळं फुप्फुस खराब होते. बेडरूमच्या खिडकीलाच एसीचं आउटडोअर आहे, तिथं कायम कबुतरं. घाबरून जायचं का? (लक्ष्मीनगर)

उत्तर : घाबरून नाही, पण या आठवड्यात जायचं. मी डॉक्टर नाही, खोकल्याचं कारण मी पत्रावरून सांगणार नाही, ते हृदयाचंही असू शकतं. पण शेजारचे अगदी हवेत बोलून नाही राहिले. कबुतराच्या पिसांची पांढरी पावडर असते ना, काचेवर आपटलं की ठसा राहतो तीच, त्यात आणि वाळलेल्या शीत जी प्रथिनं असतात ती रोज रोज श्वासातून जाऊन काही लोकांच्या फुप्फुसाला त्याची ॲलर्जीसारखी सूज येते. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही, एकाच घरात एकाला होतं अन् बाकीचे ठणठणीत. कधी झाडझूड केल्यावर चार-आठ तासांनी ताप, कणकण, खोकला येतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून लक्ष जात नाही. कधी काहीच न दाखवता हळूहळू दम कमी होत जातो, आणि फार उशीर झाला तर फुप्फुस कडक होतं, ते मग परत मऊ होत नाही. याशिवाय या घाणीत क्रिप्टोकोकससारखी बुरशी वाढते, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळं किंवा आजारामुळं कमी झालीय त्यांना तिचा धोका.

खाजगी असो की मेडिकल-मेयोसारखं सरकारी, छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि "आमच्या खिडकीत कबुतरं आहेत" हे स्वतःहून सांगा. घाईत विचारायचं राहून जातं, मग दमा समजून औषध चालू राहतं. लागलं तर ते छातीचा सीटी स्कॅन करायला सांगतील. आणि आईची खोली आजच बदला. त्या खिडकीची साफसफाई आईनं करायची नाही, अन् ती घरात असताना कोणीच करायची नाही.

प्रश्न : सातव्या माळ्यावर नवीन फ्लॅट घेतला. जाळीवाले वेगवेगळे रेट सांगून राहिले, कोणाचं खरं समजायचं? काटे लावले तर चालतील का? (बेसा)

उत्तर : जाळी हाच पक्का उपाय आहे, बाकी सगळं मन रमवायला. पण जाळी बघून घ्या. मी पहिल्यांदा जो माणूस स्वस्तात देतो म्हणाला त्याच्याकडून लावली, पहिला उन्हाळा निघाला, दुसऱ्या मे महिन्यात हात लावला तर धागा शेवयांसारखा तुटून हातात. फोन केला तर नंबर बंद. आपल्या गावात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालं होतं, इथल्या उन्हात साधं प्लॅस्टिक टिकत नाही, म्हणून यूव्ही स्टॅबिलाइझ्ड आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. भोक दोन इंचांपेक्षा मोठं नको. हुक किती अंतरावर मारणार ते विचारा, जाळी ढिली राहिली की खालच्या कोपऱ्यातून कबुतर आत घुसतं, आणि मग त्याला बाहेरचा रस्ता सापडत नाही, ते मरतं अन् वास आल्यावर कळतं. लावायच्या दिवशी एसीच्या मागं, कुंड्यांच्या मागं, सगळीकडं बघून घ्या, आत कोणी बसलेलं नको. एसी दुरुस्तीवाल्याला हात घालता येईल अशी उघडणारी बाजू ठेवायला सांगा, नाहीतर तो कात्री लावेल. काम सुरू करण्याआधी सोसायटीची परवानगी घ्या. काटे पॅराफिटच्या अरुंद कठड्यावर चांगले चालतात, रुंद जागेवर मात्र कबुतरं त्या काट्यांमध्येच काड्या अडकवून घरटं करतात, उलट पाया मजबूत मिळतो.

प्रश्न : आमच्या लहानपणी नागपुरात कावळे-चिमण्या होत्या, कबुतरं एवढी नव्हती. आताच काहून? दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" म्हणताना मी कबुतरांचंही नाव घेतो, पण मारबत काही नेत नाही. (नंदनवन, वय ७४)

उत्तर : काका, मारबत तरी काय काय नेणार! पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तुम्हाला आठवत असेल, गावाकडं पारवे कुठं असायचे? विहिरीत. दगड टाकला की भर्रकन थवा वर यायचा. हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी, झाडावर घरटं करत नाही, त्याला लागते दगडाची सपाट कपार, वर छप्पर आणि खाली खोल पोकळी. आपण विहिरी बुजवल्या अन् फ्लॅट स्कीम उभ्या केल्या. आता कोणत्याही स्कीमच्या डक्टमध्ये मान घालून वर बघा, पाइप, सज्जे, एसीचे स्टँड, अंधार, वारा नाही, मांजर पोचत नाही. ती विहीरच आहे, फक्त सात माळ्यांची. आणि या विहिरीत बाथरूमच्या खिडक्या उघडतात. म्हणून स्कीममध्ये राहणाऱ्यांनी एकेकट्यानं खिडकीला जाळी लावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून डक्टलाच वरून एक मोठी जाळी घालावी, खर्च वाटून कमी येतो. आमच्याकडं यासाठी तीन मीटिंगा झाल्या, तिसरीत तळमजल्यावाले म्हणाले, आमच्याकडं कबुतरं येतच नाहीत, आम्ही पैसे कशाला द्यायचे. सगळी घाण त्यांच्याच आंगणात पडते, हे दाखवायला त्यांना डक्टचं दार उघडून आत न्यावं लागलं.

प्रश्न : संक्रांतीचा मांजा अजून तारांवर लटकून आहे, काल बाल्कनीत एक कबुतर पंख कापलेलं सापडलं. हाकलायची की वाचवायचं? (गोकुळपेठ)

उत्तर : आधी वाचवा, हाकलायचं नंतर बघू. टॉवेल टाकून उचला, मांजा ओढून काढू नका, कात्रीनं दोन्हीकडून कापा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधारात ते शांत राहतं. पाणी-दाणे तोंडात कोंबू नका. तुमच्यापासून सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी प्राणी-पक्ष्यांवर उपचार करणारं केंद्र, जवळ आहे, तिथं घेऊन जा. आणि परत आल्यावर हात साबणानं धुवा.